युद्धाचा जयघोष आणि भरतीची रांग

मे २०२५ मधील गोष्ट. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ७ ते १० मे असे चार दिवस लष्करी संघर्ष झाला होता आणि तो थांबून आठवडाही उलटला नव्हता. आमच्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात त्या दिवशी ठरलेला विषय बाजूला पडला. महाविद्यालयात शिकणारा एक तरुण उठून उभा राहिला आणि ‘युद्ध थांबवायलाच नको होते, एकदाचा सोक्षमोक्ष लावायला हवा होता’, असे त्याने मोठ्या तडफेने सांगितले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून एका मुलाने शांतपणे विचारले, ‘दादा, मग तुम्ही भरतीचा फॉर्म कधी भरताय?’ विचारणारा मुलगा रोज पहाटे कारखान्याच्या रस्त्याने भरतीच्या तयारीसाठी धावणारा होता. सभागृहात मोठा हशा झाला. बोलणारा तरुण गोरामोरा होऊन खाली बसला. पुढच्या दोन रविवारी तो अभ्यासवर्गाला आलाच नाही.

हा प्रसंग आमच्या मनातून जाईना. मुलाने विचारलेला प्रश्न योग्य होता की अयोग्य? युद्धाची मागणी करणाऱ्याला ‘मग तूच जा’ असे म्हणणे हा युक्तिवाद आहे की नुसता टोमणा? त्या तरुणाचे पुढे काय झाले हे आम्ही लेखाच्या अखेरीस सांगणार आहोत. तत्पूर्वी या प्रश्नाचा इतिहास आपण पाहू. कारण हा प्रश्न श्रीपुरात प्रथमच विचारला गेलेला नाही. जगात अनेक ठिकाणी तो विचारला गेला आहे आणि त्यासाठी चक्क चळवळीही झाल्या आहेत.

पिवळ्या हत्तीची मोहीम

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी केली. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ सालीच बंद झालेली आहे. जो स्वेच्छेने नाव नोंदवील तोच सैनिक होतो. इराकचे युद्ध लांबत गेले, तशी नाव नोंदविणाऱ्यांची संख्या घटू लागली. २००५ च्या भरती-वर्षात अमेरिकेच्या भूदलाला ८०,००० नवे सैनिक हवे होते. त्यात सहा हजारांहून अधिक कमी पडले. पण त्याच काळात सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्या युवक व विद्यार्थी संघटनांत या युद्धाचा जयघोष मात्र जोरात चालू होता.

ही विसंगती काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी नेमकी हेरली आणि २००५ साली एक उपरोधिक मोहीम उघडली. तिचे नाव ‘ऑपरेशन यलो एलिफंट’, म्हणजे पिवळा हत्ती. हत्ती म्हटले की आपल्याला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे निवडणूक चिन्ह आठवते. अमेरिकेत हत्ती ही रिपब्लिकन पक्षाची खूण आहे. आणि पिवळा रंग इंग्रजी बोलीत भित्रेपणाचा मानला जातो. या कार्यकर्त्यांनी युद्धाचा निषेध करणारे फलक उचलले नाहीत. उलट त्यांनी देशभक्तीचाच पवित्रा घेतला. युवक संघटनांच्या अधिवेशनांच्या जागी भरतीची पत्रके घेऊन जायचे आणि येणाऱ्या प्रतिनिधींना अदबीने सांगायचे, ‘आपल्याला हे युद्ध इतके आवश्यक वाटते, सैन्याला माणसे कमी पडत आहेत, आपले वयही योग्य आहे. तर मग घ्या हा कागद आणि करा सही.’

उत्तरे ठराविक मिळत. कोणाला शिक्षण पूर्ण करायचे होते, कोणाची जुनी दुखापत निघे, तर कोणी म्हणे की देशात राहून विचारांची लढाई लढणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. उपरोधाचे सामर्थ्य येथे दिसते. कार्यकर्त्यांना काही सिद्ध करावे लागले नाही. समोरच्याचे बोलणे खरे मानून त्यांनी फक्त पुढचे पाऊल सुचविले, आणि बोलणे व करणे यांतील अंतर ऐकणाऱ्यांच्या आपोआप ध्यानात आले.

भावी युद्धांचे माजी सैनिक

याच जातीची, पण अधिक खेळकर अशी एक चळवळ अमेरिकेतच त्याआधी सुमारे ७० वर्षे होऊन गेली होती. पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांना १९४५ साली मिळावयाचे मानधन लवकर देण्याचा कायदा तेथील संसदेने जानेवारी १९३६ मध्ये केला. युरोपात तेव्हा पुन्हा युद्धाचे ढग जमत होते. मार्च १९३६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील लुइस गोरिन आणि त्याच्या मित्रांनी एक संघटना काढली. तिचे नाव होते ‘भावी युद्धांचे माजी सैनिक’. त्यांची मागणी अशी, की १८ ते ३६ वयाच्या प्रत्येक पुरुषाला १,००० डॉलर मानधन १९६५ साली देय ठरवावे. पण मुदतीआधी देण्याची प्रथा पडलेलीच आहे, तेव्हा ते आत्ताच हातावर ठेवावे. पुढच्या युद्धात आम्ही मरणारच आहोत, मग पैसे जिवंतपणीच का देऊ नयेत, हा त्यामागचा बोचरा प्रश्न होता.

ही कल्पना वणव्यासारखी पसरली. शेकडो महाविद्यालयांत शाखा निघाल्या आणि सदस्यसंख्या ५०,००० च्या वर गेली. युद्धात मेलेल्या मुलांच्या थडग्यांना भेट देण्यासाठी सरकारने १९३० ते १९३३ या काळात मातांना सरकारी खर्चाने युरोपात नेले होते. म्हणून व्हासार या महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी मागणी केली, की आमच्या पुढे जन्मणाऱ्या मुलांची थडगी जेथे होणार आहेत, ती जागा आम्हाला आत्ताच दाखवून आणा. ऐकून प्रथम हसू येते, पण ते ओठांवर टिकत नाही.

ही संघटना सुमारे वर्षभरातच विसर्जित झाली. पुढे दुसरे महायुद्ध झाले आणि त्यात लुइस गोरिनने सैन्यात सेवा केली. थट्टा करणारा हा तरुण भित्रा नव्हता. युद्ध ठरविणारे एक आणि मरणारे दुसरे असतात, एवढेच त्याला दाखवावयाचे होते.

१९१८ चा महाराष्ट्र

आता आपल्या प्रांताकडे वळू. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला हिंदी शिपाई हवे होते. एप्रिल १९१८ च्या दिल्ली येथील युद्ध परिषदेत महात्मा गांधींनी सैन्यभरतीच्या ठरावाला पाठिंबा दिला. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्रांतिक युद्ध परिषद भरली. तेथे लोकमान्य टिळक भरतीच्या प्रश्नाबरोबर स्वराज्याच्या हक्काचाही विषय काढू लागले, तेव्हा त्यांना बोलू दिले गेले नाही आणि ते सभा सोडून निघून गेले.

त्यानंतर टिळकांनी जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हिंदी माणसाला सैन्यात अधिकाऱ्याचा दर्जा मिळेल असे आश्वासन गांधींनी सरकारकडून आणावे, मग महाराष्ट्रातून ५,००० शिपाई आपण देतो. न दिल्यास ही रक्कम जप्त व्हावी, असे म्हणून त्यांनी ५०,००० रुपयांचा धनादेश गांधींकडे पाठविला. मदत ही सौद्याच्या स्वरूपाची नसावी, या भूमिकेतून गांधींनी तो परत केला. दोघांची मते येथे वेगळी होती. परंतु टिळकांनी विचारलेला प्रश्न खरा होता: रक्त हिंदी माणसाचे आणि हुकूम फक्त गोऱ्याचा, असे का?

गांधींनी गुजरातेत खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट केली. तेथला अनुभव त्यांनी आपल्या आत्मकथेत प्रामाणिकपणे नोंदविला आहे. सत्याग्रहाच्या वेळी लोक आपण होऊन फुकट गाड्या देत. भरतीच्या कामाला भाडे देऊनही गाडी मिळेना. अहिंसा सांगणारे तुम्ही आम्हाला शस्त्र घ्या असे कसे सांगता, असे लोक विचारीत. ‘जा’ असे म्हणणाऱ्यालाही लोक जाब विचारतात, हे यावरून दिसते.

ज्यांना रांगेतच उभे राहू दिले नाही

येथवर आपण ‘तू जा’ म्हटल्यावर मागे सरणाऱ्यांचा विचार केला. पण आपल्या समाजाचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. आपल्या पूर्वजांना कोणी ‘जा’ म्हणावे लागले नाही. ते ‘आम्हाला जाऊ द्या’ म्हणत दारात उभे होते आणि दार बंद होते.

कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावे महार सैनिकांची आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही जाती लढाऊ व बाकीच्या बिनलढाऊ, असा सिद्धान्त सरकारने उचलून धरला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेली माणसे एका फतव्याने बिनलढाऊ ठरली! सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध विनंतिपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. १९१७ मध्ये महायुद्धाची निकड भासली तेव्हा ‘१११ महार’ ही पलटण उभारली गेली; गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सततचा पाठपुरावा होता; त्याच वर्षी जुलैमध्ये व्हाइसरॉयने नेमलेल्या संरक्षणविषयक मंडळावर ते सदस्य झाले होते. पुढे याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेत आलेल्या वीरमरणानंतर परमवीर चक्र मिळाले.

आपल्या लोकांना सैन्यात का जावेसे वाटे? त्यांना युद्धाची हौस होती म्हणून नव्हे. तेथे पगार होता, निवृत्तिवेतन होते, गणवेशाचा मान होता, आणि मुख्य म्हणजे शिक्षण होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेतच मुख्याध्यापक होते. भरती म्हणजे गावकीच्या जोखडातून बाहेर पडण्याची एक वाट होती. आजही आपल्या भागात पहाटे धावणारी मुले बहुतेक अल्पभूधारकांची, ऊसतोड मजुरांची, रोजंदारीवर जाणाऱ्यांची आहेत. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. तिच्या मूळ आराखड्यानुसार साडेसतरा ते २१ वर्षांच्या तरुणांना चार वर्षांसाठी घ्यायचे आणि त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत तरुणांना पुढे कायम करायचे, असे ठरले. या मुलांच्या तोंडी युद्धाच्या घोषणा क्वचितच असतात. ज्याला जायचे आहे, त्याला गोळीची किंमत ठाऊक असते.

पांढरे पीस

तेव्हा ‘मग तूच जा’ हा प्रश्न नेहमीच न्याय्य असतो, असा निष्कर्ष कोणी काढील. तसे मात्र नाही. याच प्रश्नाचे एक विकृत रूप इतिहासात नोंदलेले आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंडच्या फोकस्टन गावी अ‍ॅडमिरल फिट्झजेराल्ड नावाच्या निवृत्त आरमारी अधिकाऱ्याने काही स्त्रियांना एकत्र केले. साध्या कपड्यांत दिसणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या हातात पांढरे पीस द्यायचे, असे त्यांना काम दिले. पांढरे पीस ही भित्रेपणाची खूण होती. ही लाट देशभर पसरली. पण पीस कोणाला मिळाले? रजेवर घरी आलेल्या शिपायांना, जखमी होऊन सैन्यातून मुक्त झालेल्यांना, कारखान्यात दारूगोळा बनविणाऱ्यांनाही. अखेर सरकारला सप्टेंबर १९१६ मध्ये सैन्यातून मुक्त झालेल्या जखमी सैनिकांसाठी चांदीचा बिल्ला काढावा लागला.

पिवळा हत्ती आणि पांढरे पीस यांतील फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. पिवळ्या हत्तीचा प्रश्न युद्धाची जाहीर मागणी करणाऱ्याला होता. पांढरे पीस मुकाट रस्त्याने जाणाऱ्यालाही मिळत होते. पहिल्या प्रश्नाने बोलणाऱ्याला त्याच्या शब्दांची जबाबदारी आठवते. दुसऱ्याने माणसाला लाजवून मरणाकडे ढकलले जाते. त्यातही तो ढकलणारा स्वतः सुरक्षित असतो.

आणखी एक मर्यादा आहे. बोलणारा स्वतः जात नाही, एवढ्यावरून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. आणि तो गेला म्हणून युद्ध न्याय्यही ठरत नाही. वृद्ध, आजारी, अपंग माणसालाही देशाच्या संरक्षणाविषयी मत असू शकते. लोकशाहीत ते असलेच पाहिजे. युद्ध आवश्यक आहे की नाही, हा प्रश्न कारणे, पुरावे आणि अन्य मार्ग तपासूनच सोडवावा लागतो. ‘तू जा’ हे त्या विचाराच्या जागी ठेवता येत नाही; फार तर विचार सुरू करण्यासाठी ते वापरता येते.

रोहिणीकाठची सभा

हा विचार कसा करावा, याचा उत्तम आदर्श बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आपल्यापुढे ठेवला आहे. शाक्य आणि कोलिय यांच्या शेतांना रोहिणी नदीचे पाणी मिळे. कोणी आधी घ्यावयाचे यावरून दर हंगामात तंटा होई. आपल्याकडे कालव्याच्या पाळीवरून बांधावर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. सिद्धार्थ २८ वर्षांचा असताना हा तंटा हातघाईवर आला, दोन्हीकडची माणसे जखमी झाली, आणि शाक्यांच्या सेनापतीने संघाच्या सभेत युद्धाचा ठराव आणला.

सिद्धार्थाने आधी चौकशी मागितली: आपल्याही माणसांची चूक आहे काय, ते पाहू. मग तोडगा सुचविला: दोघे शाक्यांचे, दोघे कोलियांचे पंच नेमावेत, त्यांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा. प्रचंड बहुमताने त्याचे म्हणणे फेटाळले गेले आणि युद्धाचा ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सेनापतीने पुढचा ठराव आणला: २० ते ५० वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात दाखल व्हावे.

हा दुसरा ठराव आपल्या विषयाचे मर्म आहे. आदल्या दिवशी हात वर करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी शस्त्र घ्यावे, हे तेथे ओघानेच आले. युद्धाच्या बाजूने मत देणारा आणि लढणारा यांच्यात शाक्यांच्या संघाने अंतर ठेवले नव्हते, हे त्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. अडचण होती ती विरोधात मत देणाऱ्यांची. त्यांना जायचे नव्हते, पण उघड बोलण्याचे धैर्य कोणालाच होत नव्हते. तेव्हा एकटा सिद्धार्थ उभा राहिला आणि आपण सैन्यात दाखल होणार नाही असे त्याने सांगितले. परिणामांची त्याला पूर्ण कल्पना होती. कुटुंबावर बहिष्कार येईल, जमीन जप्त होईल, असे समोर आल्यावर त्याने घरच्यांना शिक्षा देऊ नका असे विनविले आणि स्वतः परिव्राजक होऊन देशत्याग पत्करला.

म्हणजे ‘तुझ्या शब्दाची किंमत तू देशील काय?’ हा प्रश्न फक्त युद्ध मागणाऱ्याला नाही. तो शांतता मागणाऱ्यालाही आहे. युद्ध नको म्हणणे घरात बसून सोपे असते. सिद्धार्थाने घरदार सोडून ते म्हटले. आमच्या मते हेच या साऱ्या इतिहासाचे सार आहे. कोणत्याही बाजूचे मत असो, त्याचे ओझे दुसऱ्याच्या मुलाच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये.

त्या तरुणाविषयी

आता सुरुवातीला अर्धवट राहिलेली गोष्ट. दोन रविवार तो तरुण आला नाही, तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला आणि कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून आमच्यापुढे धरली. तिच्यात भरतीची जुनी कागदपत्रे होती. तो दोन वेळा भरतीला गेला होता, धावण्यात पास झाला होता, आणि दोन्ही वेळा वैद्यकीय तपासणीत कानाच्या दोषामुळे परत पाठविला गेला होता. हे त्याने गावात कोणालाही सांगितले नव्हते. ज्याला आम्ही पिवळा हत्ती समजून हसलो, त्याच्या हातात आम्ही खरे तर पांढरे पीस दिले होते.

पुढच्या रविवारी आम्ही आपण होऊन हा विषय वर्गात घेतला आणि आमच्या हसण्याबद्दल त्याची माफी मागितली. प्रश्न विचारणारा मुलगाही पुढे येऊन त्याच्या शेजारी बसला. त्या तरुणाने आपले मत बदलले असे मात्र नाही. ‘मला जाता आले नाही म्हणूनच मी जास्त मोठ्याने बोललो असेन’, एवढे तो म्हणाला. त्यावर धावणारा मुलगा म्हणाला, ‘दादा, बोला, पण जाणार आहे तो मी, एवढे लक्षात ठेवून बोला.’

आमच्या विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे एवढेच आहे. ज्यांना सैन्यात जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. आपल्या पूर्वजांनी ते दार झगडून उघडले आहे. ज्यांना युद्ध योग्य वाटते त्यांनी तसे म्हणावे, ज्यांना अयोग्य वाटते त्यांनीही निर्भयपणे म्हणावे. मात्र घोषणा देण्यापूर्वी, आपल्या वर्गात, आपल्या आळीत, आपल्या ओळखीत या शब्दांची किंमत कोण मोजणार आहे त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा. आमच्या गावात तो चेहरा शोधायला लांब जावे लागत नाही. पहाटे पाच वाजता कारखान्याच्या रस्त्याला उभे राहिले, की तो धापा टाकत समोरून येतो.